तंबूतील स्टोव्ह व त्याची इंधने

पंपाचा स्टोव्ह पेटविताना प्रथम स्पिरिटात भिजविलेला काकडा बर्नरभोवती जाळावा लागतो. रॉकेल स्वतःच ज्वालाग्राही. मग त्याला या दुसऱ्या ज्वालेची गरज का पडावी? कारण असे की, जळते ते द्रव नव्हे, तर त्याची वाफ होय. साध्या हवेत रॉकेलाची वाफ फारच थोडी होते. बर्नर तापला म्हणजे मात्र टाकीतील हवेच्या दाबाने वर चढलेले रॉकेल त्याच्या नळ्यांत वाफ बनते, बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते व निळ्या ज्योतीने जळते. स्वीडनमध्ये १८९२ साली फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी तयार केलेल्या प्रायमस स्टोव्हचे तत्त्व हेच होते. गॅसबत्तीतही रचना तीच. तेथे ज्योत जाळीला तापविते आणि उजेड पडतो तो त्या जाळीचा.

पेट घेण्याइतकी वाफ रॉकेलावर सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसपुढे जमते. स्पिरिटावर सुमारे १५ अंशांस, तर पेट्रोलवर शून्याखाली ४० अंशांसही! या आकड्यांतच सारा धोका साठविलेला आहे. रॉकेलात थोडे पेट्रोल मिसळले गेले, तर तापलेल्या स्टोव्हच्या टाकीत वाफेचा दाब भलताच वाढतो आणि स्टोव्ह भडकतो. पेट्रोलचे स्टोव्ह निराळे बांधलेले असतात. एकाचे इंधन दुसऱ्यात कदापि घालू नये.

स्पिरिटाला पंप लागत नाही, काजळीही धरत नाही. परंतु वजनाच्या मानाने त्याची उष्णता रॉकेलाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी, आणि उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली असे समजून वरून स्पिरिट ओतणारे हात भाजून घेतात.

डब्यातील ब्यूटेन गॅस सर्वांत सोयीचा. पण तो उणे अर्ध्या अंशास उकळतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत द्रवरूपच राहतो. डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने ही अडचण किंचित हलकी होते, एवढेच. उणे ४२ अंशांस उकळणारा प्रोपेन त्यात मिसळतात. मात्र निव्वळ प्रोपेनाचा दाब पातळ पत्र्याच्या डब्याला सोसत नाही. हिमालयातील दीर्घ मुक्कामांत रॉकेल टिकून राहिले, त्याचे हेही एक कारण.

इंधन कोणतेही असो, बंद तंबूत प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून कितीतरी घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.