हातानं ओढायचा बोल्ट

कॅनडाच्या आर्क्टिक पट्ट्यात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सना 1947 पासून ली-एनफिल्ड रायफल मिळत आली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या घराण्यातलीच ही. 2018 पासून ती बदलू लागली, तेव्हा नवी बंदूक अर्धस्वयंचलित असेल असं कुणालाही वाटलं असतं. पण निवड झाली ती फिनलंडच्या टिक्का रायफलीवर बेतलेल्या सी-19 ची, आणि तिचाही बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दांडा, हातानंच मागे-पुढे करावा लागतो. उणे 51 अंश सेल्सिअसपर्यंत चालावी अशी तिची रचना आहे.

हा निर्णय अगदी योग्य होता, असं माझं मत आहे. अर्धस्वयंचलित रायफल पुढचं काडतूस भरते ती उडालेल्या काडतुसाच्याच ऊर्जेवर. बहुतेक रायफलींत नळीतला थोडा वायू बारीक छिद्रातून बाहेर येतो आणि त्याच्या जोरावर बोल्ट मागे जातो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, मग स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि वाटेत नवं काडतूस आत शिरतं. कडाक्याच्या थंडीत दारू संथ जळते, वायूचा दाब घटतो. त्याच वेळी वंगण घट्ट होऊन घर्षण वाढतं. आवक कमी आणि खर्च जास्त झालेल्या घरासारखी यंत्रणेची गत होते: बोल्ट पुरता मागे जातच नाही आणि पुंगळी मध्येच अडकते.

हातानं चालणाऱ्या बोल्टला या दाबाशी देणंघेणं नाही. काडतूस कमी ताकदीचं निघालं, अगदी उडालंच नाही, तरी मूठ ओढली की ते बाहेर. शिवाय मूठ वर उचलताना बोल्ट एका तिरकस कडेवरून किंचित मागे सरकतो. हाताची लांब हालचाल आणि बोल्टची केसभर सरक, म्हणजे जोर अनेक पटींनी वाढतो आणि घट्ट चिकटलेली पुंगळीही सुटते. मला या रचनेतलं सर्वांत देखणं अंग हेच वाटतं.

वेगात मात्र बोल्ट रायफल हरते. अमेरिकी लष्करानं 1936 मध्येच अर्धस्वयंचलित गॅरँड स्वीकारली आणि युद्धासाठी ते बरोबरच होतं. पण ध्रुवीय अस्वल समोर आलं, तर गोळ्यांच्या संख्येपेक्षा पुढची गोळी नक्की सुटण्याला मोल असतं. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस पथकानं म्हणूनच 1917 च्या अमेरिकी नमुन्याची बोल्ट रायफल पुढच्या शतकातही सोडली नाही.

थंडी बोल्टलाही अगदी मोकळं सोडत नाही. आत जाड तेल राहिलं तर काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई मंदावते आणि गोळी सुटत नाही. म्हणून तेल पुसून बोल्ट जवळजवळ कोरडा ठेवतात. रायफल उबदार तंबूत नेत नाहीत, बाहेरच राहू देतात. आत नेली की थंड लोखंडावर दव धरतं आणि परत बाहेर काढल्यावर त्याचा बर्फ होतो.