पूल मोकळा, गाड्या दाराशी!

ठाण्याहून खाडीपूल ओलांडून आमच्या कशेळीला आलात, की दुतर्फा गोदामेच गोदामे! त्यांच्या दारांशी खोळंबलेल्या मालमोटारी पाहण्यात माझी निम्मी हयात गेली. परंतु त्या रांगेतले ज्ञान मला झाले ते गेल्या पावसाळ्यात, आणि तेही कन्येच्या संगणकामुळे.

कन्येची ही पहिलीच नोकरी. सहा महिन्यांची उमेदवारी. घरी बसून ती मोबाईलची अ‍ॅप तयार करते. एका शनिवारी कामाच्या फायली काही केल्या उतरेनात. सोमवारी सकाळी काम दाखवायचे! माझे पितृहृदय खवळले. पैसे मोजायचे 50 मेगाबिटचे आणि पडद्यावर वेग धड एक मेगाबाइटही नाही! इंटरनेटची जोडणी पाहणाऱ्या मुलाला बोलावून मी चांगले फैलावर घेतले; शिवाय त्याच्या मालकाकडे लेखी तक्रारही ठोकली.

मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, आठ बिटांचा एक बाइट. 50 मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट. तेवढे घरात येतात का, ते आधी पाहू."

संगणकाशेजारी उभे राहून, त्याच वाय-फायवर, त्याने आपल्या मोबाईलने वेग मोजला. 48! मग कन्येला 'टास्क मॅनेजर' उघडायला सांगितले. मेमरी 96 टक्के भरलेली; डिस्क 100 टक्के गुंतलेली!

उलगडा झाला. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पोटातला लुटुपुटीचा मोबाईल, ही जोडी चालवायला 16 जीबी मेमरी हवी, असे तिचे कर्तेच सांगतात. आमच्याकडे होती 8. मेमरीत जागा उरली नाही, की संगणक तिथले सामान डिस्कवर नेतो, लागेल तसे परत आणतो. उतरणारी फाइलही त्याच डिस्कवर लिहायची! डिस्कला उसंत नाही, म्हणून संगणक पलीकडे निरोप धाडतो, 'जरा थांबा.' पूल मोकळा, गोदाम भरलेले, गाड्या दाराशी!

कन्येने एम्युलेटर बंद केला, ब्राउझरचे नको ते टॅब मिटले आणि खराखुरा मोबाईल केबलने जोडून त्यावरच चाचणी घेतली. फायली भराभर उतरल्या. पुढे पगार झाल्यावर मेमरीची आणखी 8 जीबीची पट्टी बसवली.

तेव्हा वाचकहो, फाइल रखडली तर आधी दुसऱ्या यंत्रावर वेग मोजा, मग आपल्या संगणकाचे पोट तपासा, आणि भांडण सर्वांत शेवटी ठेवा.

सोमवारी कन्येचे काम वेळेवर गेले. त्याआधी रविवारीच माझे एक पत्र गेले होते : तक्रार मागे घेतल्याचे. यंदाच्या फराळाचे पहिले ताट त्या मुलाचे!