पट्टा सोडण्याआधी

निवाऱ्यातून घरी आणलेली दीड वर्षाची देशी कुत्री डोळ्यांपुढे आणा. तिला आपण राणी म्हणू. घरात ती रुळली आहे, पण बाहेर दुसरं कुत्रं दिसलं की पट्ट्याला हिसके देत भुंकते, नाहीतर शेपूट पोटाशी घालून जागीच बसते. मग कुणीतरी सुचवतं, 'डॉग पार्कमध्ये मोकळी सोडा, चार कुत्र्यांत खेळली की सुधारेल.' सल्ल्यात तथ्य आहे, पण मोकळं मैदान ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या गाळल्या तर राणीची भीती उलट पक्की होते.

भीतीचं मूळ

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेत पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटू लागतं, हे त्यातून ठळक झालं. राणीचं ते वय केव्हाच सरलं आहे. आता जुन्या अनुभवांवर नवे, चांगले अनुभव हळूहळू रचत जायचे आहेत.

रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांना एकमेकांची देहबोली बहुधा चांगली कळते. त्यांची अडचण होते ती पट्ट्याने. नकोसं कुत्रं दिसलं की मोकळं कुत्रं लांबून वळसा घालतं. पट्ट्यात बांधलेल्या राणीला ते जमत नाही, म्हणून ती भुंकून समोरच्याला लांब ठेवते.

घरची तयारी

आधी डॉक्टर. रेबीजसह सगळ्या लसी, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि नसबंदी झालेली असावी. पार्व्होचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात, त्यामुळे लसी अपुऱ्या असताना जिथे अनेक कुत्री येतात तिथे नेऊ नये. माजावर आलेल्या कुत्रीलाही नेऊ नये.

मग हाकेला येण्याचा सराव. घरात हाक मारा, आली की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या. ते जमलं की गच्चीवर, मग मैदानात दहा मीटर लांब दोरी लावून. तिथे दहापैकी नऊ वेळा ती वळून येऊ लागेपर्यंत दोरी सोडायची नाही.

त्याच काळात ओळखीच्या एखाद्या शांत कुत्र्यासोबत फिरवा. दोघं रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने चालतील. तोंडासमोर तोंड आणायचं नाही. काही दिवसांत अंतर आपोआप कमी करता येतं.

मैदान कसं असावं

१९७९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात सुरू झालेला ओलोनी डॉग पार्क हा अमेरिकेतला पहिला मानला जातो. आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेने २०१८ साली कोंडापूरला असा पार्क उघडला. नाव कोणतंही असो, पाहायच्या गोष्टी त्याच: उंच, फटी नसलेलं कुंपण, लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे भाग, सावली, पाणी आणि दुहेरी फाटक. जवळपास असा पार्क नसेल तर चांगली भिंत असलेलं मैदान आणि माहितीतली दोन-तीन कुत्री पुरतात. उघड्या टेकडीवर मात्र पट्टा सोडू नका. बुजलेलं देशी कुत्रं सुसाट सुटतं, दुसऱ्या टोळीच्या हद्दीत शिरतं, नाहीतर मोरामागे धावतं.

पहिल्या खेपा

पहिल्या खेपेला आत जायचंच नाही. कुंपणाबाहेर, राणी खाऊ घेऊ शकेल इतक्या अंतरावर दहा मिनिटं बसा आणि परत या. खाऊ तोंडात घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आला आहात. पुढच्या खेपेला मैदान रिकामं असताना तिला सगळे कोपरे हुंगू द्या. त्यानंतर एकच कुत्रं आणि मग हळूहळू दोन-तीन.

आत जाताना बाहेरचं फाटक आधी लावा, दोन फाटकांच्या मधल्या जागेत पट्टा काढा आणि मगच आतलं उघडा. ताणलेल्या पट्ट्यात कुत्र्याचं अंग ताठरतं आणि समोरच्याला ती आगळीक वाटते. फाटकाशी कुत्र्यांची गर्दी असेल तर ती पांगेपर्यंत थांबा. आत गेल्यावर एका जागी उभे न राहता चालत राहा. चेंडू आणि खाण्याचे डबे आत नेऊ नका, भांडणं बहुधा त्यावरूनच पेटतात.

काय पाहायचं

पुढचे पाय पसरून ढुंगण वर करणं म्हणजे खेळायचं आमंत्रण. सैल अंग, आळीपाळीने पाठलाग, मध्येच थांबून अंग झाडणं ही चांगली लक्षणं. ओठ चाटणं, उगाच जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं म्हणजे राणी अस्वस्थ आहे. ताठ अंग, उंच ताठ शेपूट आणि रोखलेली नजर दिसली की लगेच हाक मारून दूर न्या. शंका असेल तर पाठलाग करणाऱ्याला त्याच्या मालकाने क्षणभर धरावं. राणी स्वतःहून परत त्याच्याकडे गेली तर खेळ दोघांचा आहे; लांब गेली तर थांबवा.

दर काही मिनिटांनी तिला बोलवा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. केवळ घरी निघतानाच हाक मारली तर हाक म्हणजे खेळ संपला, हे ती चटकन शिकते.

भांडण जुंपलंच तर गळपट्ट्याकडे हात घालू नका. पाणी ओता, नाहीतर दोघा मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढा. माणसाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पंधरा मिनिटं झाली, सगळं छान चाललेलं असलं तरी निघा. दुसरा दिवस विश्रांतीचा. काही कुत्र्यांना गर्दी कधीच आवडत नाही, त्यांना एखाद-दुसरा सोबती पुरतो. त्यांना मैदानात ओढू नये.

राणी किती खेळली, यावर प्रगती मोजू नका. एखाद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी दुसरं कुत्रं दिसेल, ती थबकेल, त्याच्याकडे पाहील, मग मान वळवून तुमच्याकडे पाहील आणि चालू लागेल. हातातला पट्टा तेव्हा सैल असेल.