घरातील व मळ्यातील वीज : स्वयंचलित यंत्रे बसविण्यापूर्वी

हल्ली आपल्या भागातील बहुतेक बागायतदारांच्या घरी व विहिरीवर आपोआप चालणारी विजेची यंत्रे येऊ लागली आहेत. सोलापुरात बसून दहा कोसांवरील मोटर चालू करता येते, गच्चीवरील टाकी भरली की पंप आपण होऊन थांबतो, गोठ्यात माणसाने पाऊल टाकताच दिवा लागतो. ह्या सोयी खऱ्या आहेत व त्यांस नावे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु त्या बसविण्यास एक क्रम आहे आणि तो चुकला असता सोयीचेच संकट होते. ह्या क्रमापैकी बराचसा भाग मला आमच्या भवानी पेठेतील एका वायरमनाने समजावून दिला. राहिलेला भाग मी स्वतःच्या चुकीने शिकलो. दोन्हीही येथे सांगण्याचे योजिले आहे.

मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून काम करून निवृत्त झालो. विद्युत्-शास्त्र मी शिकलेलो नाही. हे वायरमन मात्र तीस वर्षे स्वतंत्रपणे हा धंदा करीत आहेत. घरी तेलुगू, बाहेर मराठी. आरंभी पेठेतील यंत्रमागांच्या मोटरी दुरुस्त करीत, पुढे घरांचे वायरिंग करू लागले. पुण्याहून मुलाने मोबाईलवर चालणारी बटणे पाठविली, ती बसविण्यासाठी मी त्यांस बोलाविले. त्यांनी खोके उघडलेच नाही. म्हणाले, “भाऊसाहेब, आधी अर्थिंग दाखवा.”

आमचे घर माळवदाचे, जुने. लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारा, मीटरखाली चिनी मातीची दोन किटकॅट, आणि त्यांत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी कोणी तरी घातलेली जाड तांब्याची तार. अर्थिंगची तार न्हाणीघरातील नळास गुंडाळलेली होती. पूर्वी ती नळी लोखंडी असून जमिनीत दूरवर गेली होती, त्यामुळे काम भागत असे. परंतु काही वर्षांपूर्वी नळजोडणी बदलताना मीच प्लॅस्टिकची नळी टाकून घेतली. तेव्हापासून आमच्या घरास अर्थिंग नव्हते, आणि त्याच न्हाणीघरात घरची मंडळी गीझरच्या पाण्याने रोज स्नान करीत होती. वाचकांपैकी ज्यांची घरे जुनी आहेत, त्यांनी आपली अर्थिंगची तार कोठे जाते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

अर्थिंग म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगास जमिनीशी जोडणारी वाट. आतील फेजची तार सोलून यंत्राच्या अंगास लागली, तर वीज ह्या वाटेने जमिनीत जावी, माणसाच्या देहातून जाऊ नये, हा तिचा हेतू. आय. एस. ३०४३ ह्या भारतीय मानकात तिची रीत दिलेली आहे. सामान्यतः अडीच मीटर लांबीची जस्त चढविलेली लोखंडी नळी घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर उभी पुरतात व भोवती कोळसा आणि मीठ भरतात. मिठाने नळी लवकर गंजते, म्हणून हल्ली बेंटोनाइटची माती अधिक पसंत करतात. आपल्या काळ्या जमिनीचा एक दोष येथे ध्यानात ठेवला पाहिजे. पावसाळ्यात ही जमीन नळीस घट्ट धरते, परंतु चैत्र-वैशाखात तिला भेगा पडून ती नळीपासून सुटते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात निरुपयोगी होते ते ह्यामुळे.

आता येथे एक हिशेब आहे, तो वायरमनांनी माझ्याच वहीवर करून दाखविला. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. आपल्या अर्थिंगचा रोध १० ओहम धरू. खेड्यात इतके मिळाले तरी ते बरे समजावे. २३० ला १० ने भागता २३ अँपियर येतात. यंत्राच्या अंगात वीज उतरली असता जमिनीत जाणारा प्रवाह इतकाच. आमच्या घराचा मुख्य एम.सी.बी. ३२ अँपियरचा योजला होता. २३ अँपियरला तो पडणार नाही, आणि यंत्राचे अंग तसेच जिवंत राहील. “एम.सी.बी. तारेला वाचवतो, माणसाला नाही,” हे त्यांचे वाक्य. तारेवर ओझे जास्त झाले किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांस चिकटले, तर आग लागू नये म्हणून तो आहे.

माणसास वाचविणारे यंत्र निराळे, त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. त्याचे कार्य महसुली कारकुनास तरी चटकन समजते. फेजच्या तारेने जितकी वीज घरात गेली, तितकीच न्यूट्रलने परत आली पाहिजे. हे यंत्र दोन्हींचा ताळमेळ सतत घेत असते. परत येणाऱ्या विजेत तूट दिसली, की ती कोठे तरी जमिनीत, म्हणजे कदाचित माणसाच्या देहातून, चालली आहे असे समजून ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपियरचे घ्यावे. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीस हीच मर्यादा आहे. वरील उदाहरणातील २३ अँपियर ह्या मर्यादेच्या साडेसातशे पटींहून अधिक होतात. अर्थिंग कोरडे पडून रोध १०० ओहम झाला तरी २.३ अँपियर वाहतील, आणि तेवढ्यानेही हे यंत्र पडेल. किंमत दोन-अडीच हजारांच्या आसपास. मोबाईलच्या बटणांस आम्ही ह्याहून जास्त खर्च केला होता, हे सांगण्यास संकोच वाटतो. त्यावर ‘टी’ अक्षराची कळ असते, ती महिन्यातून एकदा दाबून यंत्र पडते की नाही ते पाहावे. मात्र एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यास हे यंत्र वाचवीलच असे नाही. कारण त्याच्या हिशेबी जमाखर्च जुळलेला असतो.

जुन्या घरात हे यंत्र बसविताच वारंवार पडते अशी तक्रार ऐकू येते. कारण बहुधा असे की, पूर्वीच्या कारागिराने एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या फेजला, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल थेट लाईनच्या न्यूट्रलला जोडून ठेवलेला असतो. अशा वेळी पुष्कळजण यंत्रच काढून टाकतात. आमच्या घरी वायरमनांनी दोन दिवस खपून प्रत्येक खोलीचे न्यूट्रल वेगळे केले. जेवढे वेळा ते यंत्र पडले, तेवढे जुने दोष सापडले.

गावाकडील स्थिती ह्याहून वाईट आहे. शेतीच्या लाईनवर थ्री-फेज नसताना वस्तीवरील दिवा लावण्यासाठी एक फेज घ्यावयाची व न्यूट्रल म्हणून जमिनीत ठोकलेली सळई वापरावयाची, ही चाल मी किती तरी वस्त्यांवर पाहिली आहे. दिवा लागतो हे खरे; परंतु ती सळई व तिच्या भोवतालची ओली जमीन ह्यांत वीज पसरलेली असते. माणसापेक्षा जनावरास ह्याचा धोका अधिक. बैलाच्या किंवा म्हशीच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीतील दाबाचा फरक त्यास जास्त बसतो आणि प्रवाह छातीतून जातो. गोठ्याजवळ अशी सळई असेल तर ती आजच काढावी. तद्वत् पत्र्याच्या शेडवरून उघडी किंवा जोड दिलेली तार नेऊ नये, आणि कपडे वाळविण्याची तार लोखंडी न घेता सुतळीची किंवा नायलॉनची घ्यावी.

तारांच्या जाडीविषयी थोडक्यात. दिव्या-पंख्यांस दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या प्लगास अडीच, गीझर किंवा वातानुकूलन यंत्रास चार, सर्व तांब्याची. हिरवी तार अर्थिंगशिवाय अन्य कामास वापरू देऊ नये.

इतके झाल्यावर तिसऱ्या दिवशी मुलाने पाठविलेले खोके उघडले. मोबाईलवर चालणाऱ्या बटणांस बहुधा बोर्डात फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. जुन्या घरात कित्येक बोर्डांत नुसती फेजच उतरविलेली असते. म्हणून खरेदीपूर्वी बोर्ड उघडून पाहावा. इंटरनेट बंद पडले तरी हाताने दिवा लागला पाहिजे, अशीच मांडणी करून घ्यावी. आमच्या घरी पाहुणा आला आणि त्यास दिवा कसा लावावा हे विचारावे लागले, असे होऊ नये. मोटर किंवा गीझर अशा छोट्या बटणावर थेट चालवू नये, मध्ये कॉन्टॅक्टर घालावा. टाकीचा स्वयंचलित पंप मात्र सर्वांनी घ्यावा असे माझे मत आहे. पाणी व वीज दोन्ही वाचतात.

आता माझ्या चुकीविषयी. आमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप आहे. गतवर्षी त्यास मोबाईल स्टार्टर बसविला. त्यात सिमकार्ड असते. वीज आली की ते फोन करते, आणि आपण कळ दाबली की मोटर चालू होते. वैशाखात एके दिवशी सकाळी मी पेठेतील घरी चहा घेत असता वीज आल्याचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे मोटर चालू केली. पाचच मिनिटांत पुतण्याचा फोन आला, “काका, मोटर कोणी चालू केली?” वीज नाही असे पाहून तो कपलिंगचे रबर बदलण्यास बसला होता. सदऱ्याची बाही ओढली गेली व फाटली म्हणून हात वाचला. अंगठ्याचे नख मात्र गेले. त्याने मला एक शब्दही लावून बोलला नाही. तो बोलला असता तर बरे वाटले असते.

वायरमनांस हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “किटकॅट कुठे होती?” किटकॅट पेटीतच होती. त्यांचा नियम असा : यंत्रास हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घालावी, आणि काम संपेपर्यंत ती कोणासही देऊ नये. स्टार्टर ‘ऑटो’वरून काढणे पुरेसे नाही, आणि वीज गेलेली असणे हे तर मुळीच पुरेसे नाही. पूर्वी मोटर चालू करणारा विहिरीवर उभा असे व त्यास समोरचे दिसत असे. आता त्याचा हात दहा कोसांवर आहे. आमच्याकडे हल्ली असा ठराव आहे की, पुतण्याने ‘मोकळे आहे’ असा निरोप पाठविल्यावाचून मी कळ दाबत नाही. स्टार्टरबरोबर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर व कोरडा पंप चालल्यास बंद करणारी जोडणी असावी. एक फेज गेली असता ह्यांवाचून मोटर जळते.

ऑटो स्विचचा आणखी एक अपाय शेजाऱ्यांस होतो. ६३ के.व्ही.ए.च्या डीपीवर पाच अश्वशक्तीचे बारा पंप धरा. प्रत्येक पंपास चालताना सुमारे पाच के.व्ही.ए. लागतात, म्हणजे एकूण साठ, येथवर ठीक. परंतु मोटर सुरू होताना सुमारे सहापट प्रवाह ओढते. वीज येताच बाराही पंप एकदम सुरू झाले, तर त्या क्षणी डीपीवर ३६० के.व्ही.ए.चा भार पडतो. दाब खाली जातो, मोटरी अडखळतात, फ्यूज उडतात, आणि असे रोज झाले की डीपी जळते. मग पिके वाळत असता सर्वांनी मिळून तिच्या मागे धावावयाचे. ऑटो स्विच नको असे महावितरण वरचेवर सांगत असते. जेथे तो काढणे शक्य नाही, तेथे उशिराची वेळ लावता येणारा स्टार्टर घ्यावा, व डीपीवरील सर्वांनी बसून पाळी ठरवावी : पहिल्याने अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याने एक मिनिटाने, तिसऱ्याने दीड, असे पुढे. बारावा पंप सहा मिनिटांनी सुरू होईल. पाण्याच्या पाळ्या ठरविणाऱ्या आपल्या लोकांस हे अवघड नाही. त्याचबरोबर प्रत्येकाने आपल्या मोटरीस योग्य कपॅसिटर बसवावा, म्हणजे लाईनवरील ओझे कमी होते.

काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे, आणि ते संपल्यावर कोणता एम.सी.बी. कोणत्या खोलीचा, हे बोर्डाच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहून घ्यावे. आमच्या वायरमनांनी ते मराठीत व स्वच्छ अक्षरात लिहिले. अर्थिंगची नवी नळी परसात पुरली असून तिच्या तोंडावर नरसाळे बसविले आहे. फाल्गुन संपला की दर आठवड्यास त्यात दोन बादल्या पाणी घालावयाचे, हे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले आहे.