जिनिव्हातील रिकामे पीठ

जिनिव्हा येथील जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर सात सदस्यांची तरतूद आहे, आणि ३० नोव्हेंबर २०२० रोजी चीनच्या हाँग झाओ यांची मुदत संपल्यापासून त्यावर एकही सदस्य नाही. १६६ सदस्यांच्या या संघटनेत सुधारणा कोणत्या व्हाव्यात याची चर्चा निघते तेव्हा शेतीची अनुदाने, मासेमारीची अनुदाने, डिजिटल व्यापार, विकसनशील देशांना मिळणाऱ्या सवलती असे अनेक विषय पुढे येतात आणि ते सारेच महत्त्वाचे आहेत. परंतु नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणाच ठप्प झाली असेल, तर नवे नियम करून ते पाळणार कोण, हा प्रश्न त्या सर्वांच्या आधी सोडवावा लागतो.

बहुपक्षीय व्यापारव्यवस्था म्हणजे दोन देशांनी आपापसांत केलेला सौदा नव्हे, तर सर्वांनी मिळून मान्य केलेली आणि सर्वांना सारखी लागू असलेली नियमावली. तिची सुरुवात ३० ऑक्टोबर १९४७ रोजी २३ देशांनी जिनिव्हात केलेल्या ‘गॅट’ या करारापासून झाली आणि नुकताच स्वतंत्र झालेला भारत त्या २३ देशांपैकी एक होता. या नियमावलीचे दोन खांब आहेत. पहिला, एका सदस्याला जी सवलत दिली ती इतर सर्व सदस्यांना द्यायची, ज्याला सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचे तत्त्व म्हणतात. आणि दुसरा, कोणत्या वस्तूवर जास्तीत जास्त किती आयातशुल्क लावणार याची मर्यादा लेखी देऊन ती पाळायची, ज्याला बांधील शुल्क म्हणतात. व्यापारात बळी तो कान पिळी हा न्याय चालू नये, लहान देशाच्या मालालाही मोठ्या बाजारात ठरलेल्या अटींवर वाट मिळावी, एवढाच या दोन्हींचा आशय आहे.

मात्र गॅटच्या काळात तंटा निवारणाची पद्धत लंगडी होती. एखाद्या देशाने तक्रार केली की तज्ज्ञांचे पॅनेल नेमले जाई व ते निर्णयही देई, परंतु तो अहवाल लागू होण्यासाठी सर्वांची संमती लागत असे आणि त्या सर्वांत हरलेला देशही असे, त्यामुळे आपल्याविरुद्धचा निकाल अडवणे त्याच्याच हातात राही. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तेव्हा हा नियम नेमका उलटा करण्यात आला. अहवाल नाकारायचा असेल तर सर्वांची संमती हवी, अन्यथा तो लागू झालाच, असे ठरले. आणि जिंकलेला देश स्वतःच्या बाजूचा निकाल नाकारण्यास कधीच संमती देणार नसल्यामुळे निकाल बंधनकारक झाले. इतके मोठे अधिकार तीन तज्ज्ञांच्या एका पॅनेलकडे सोपवायचे तर त्यांच्या हातून होणारी चूक दुरुस्त करण्याची सोय असावी म्हणून अपील मंडळ आले. सदस्यांची मुदत चार वर्षांची, ती एकदाच वाढवता येणारी, प्रत्येक प्रकरण तिघांपुढे, आणि निकाल जास्तीत जास्त ९० दिवसांत, अशी त्याची रचना होती. पुढच्या दोनच वर्षांत कोस्टा रिकासारख्या छोट्या देशाने अंतर्वस्त्रांच्या आयातीवरील निर्बंधांविरुद्ध थेट अमेरिकेला या मंडळापुढे हरवले.

भारताच्या दृष्टीने या मंडळाचे मोल काय होते हे पलंगपोस, उशांचे अभ्रे यांसारख्या सुती कापडाच्या एका प्रकरणावरून दिसते. हा माल भारतीय निर्यातदार स्वदेशातील किमतीपेक्षा कमी दराने युरोपात विकतात, म्हणजे ‘डम्पिंग’ करतात, असा ठपका ठेवून युरोपीय समुदायाने त्यावर जादा शुल्क लावले होते. खरा प्रश्न हिशेबाचा होता. एका जातीचा पलंगपोस युरोपात मायदेशापेक्षा दहा रुपये स्वस्त आणि दुसऱ्या जातीचा तितक्याच प्रमाणात दहा रुपये महाग विकला गेला, तर सरासरी फरक शून्य येतो आणि डम्पिंग उरत नाही. पण युरोपीय अधिकारी महाग विक्रीतला फरक वजा न करता शून्य धरत, त्यामुळे स्वस्त विक्रीचे दहा रुपये तेवढे शिल्लक राहत आणि ठपका आपोआप सिद्ध होई. १ मार्च २००१ रोजी अपील मंडळाने ही शून्य धरण्याची रीत त्या प्रकरणात नियमबाह्य ठरवली. साधी वजाबाकी कशी करावी एवढाच हा वाद वाटेल, परंतु निर्यातीवर जगणाऱ्या कापड कारखान्याच्या दृष्टीने परदेशी बाजार उघडा राहणार की बंद होणार हे त्या वजाबाकीवरच ठरत होते.

पुढे हीच रीत वापरणाऱ्या अमेरिकेच्या विरोधात एकामागून एक निकाल गेले, आणि तिच्या रागाचे हे एक मोठे कारण ठरले. करारात न लिहिलेली बंधने मंडळ आपल्यावर लादते, जुने निकाल जणू कायदाच असल्याप्रमाणे पुढच्या प्रकरणांना लावते, ९० दिवसांची मुदत ओलांडते आणि मुदत संपलेले सदस्यही हाती असलेली प्रकरणे चालवत राहतात, असे तिचे आक्षेप होते. यांपैकी मुदतीचा आक्षेप खराच होता आणि इतरांतही विचार करण्याजोगे काही होते. ते मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण न्यूझीलंडचे राजदूत डेव्हिड वॉकर यांनी २०१९ मध्ये या आक्षेपांना उत्तर देणारा मसुदा तयार केला, तेव्हा अमेरिकेने तोही स्वीकारला नाही. सदस्यांच्या नेमणुकीला सर्वसहमती लागते आणि हजर असलेल्या एका देशाने हरकत घेतली तरी ती होत नाही. २०१६ मध्ये ओबामा प्रशासनाने दक्षिण कोरियाच्या एका सदस्याची फेरनेमणूक अडवली, ट्रम्प प्रशासनाने सर्वच नेमणुका रोखल्या आणि बायडेन यांच्या काळातही त्यात फरक पडला नाही. भारताचे उजल सिंग भाटिया यांच्यासह दोघांची मुदत १० डिसेंबर २०१९ रोजी संपली आणि तिघांचे पीठ बसवणे अशक्य झाले. आजवर १३० सदस्य देश रिकाम्या जागा भरण्याचा प्रस्ताव ऐंशीहून अधिक वेळा मांडून बसले आहेत आणि दर वेळी तो एकाच नकाराने परत जातो.

याचा परिणाम केवळ काम थांबण्यापुरता नाही. अपिलाचा हक्क कागदावर कायम आहे आणि अपील निकाली निघेपर्यंत पॅनेलचा अहवाल लागू होत नाही, त्यामुळे हरलेल्या देशाने अपील दाखल केले की प्रकरण कायमचे लटकते. यालाच ‘पोकळीतले अपील’ असे नाव पडले आहे. १९९५ पूर्वी हरलेल्याच्या हाती असलेली नकाराची किल्ली अशा रीतीने मागच्या दाराने त्याच्याकडे परत आली. पोलाद आणि ॲल्युमिनियमवरील अमेरिकी शुल्काविरुद्ध पॅनेलने डिसेंबर २०२२ मध्ये निकाल दिला, तेव्हा अमेरिकेने हाच मार्ग धरला. इंडोनेशियाने निकेलच्या निर्यातबंदीच्या प्रकरणात तो धरला. आणि भारतानेही तो धरलेला आहे.

भारताचे यातील एक प्रकरण महाराष्ट्राच्या उसाशी बांधलेले आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या साखर निर्यात करणाऱ्या देशांनी तक्रार केली होती की भारत ऊसउत्पादकांना मर्यादेपेक्षा अधिक आधार देतो आणि साखरेच्या निर्यातीलाही अनुदान देतो. पॅनेलने १४ डिसेंबर २०२१ रोजी प्रसृत झालेल्या अहवालात २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष काढला आणि निर्यात अनुदाने १२० दिवसांत मागे घेण्याची शिफारस केली. विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत असा आधार देता येतो. वादाचा मुख्य मुद्दा होता तो रास्त व किफायतशीर दराचा, ज्याला कोल्हापूर-सांगलीपासून अहिल्यानगरपर्यंतचा प्रत्येक ऊसकरी ‘एफआरपी’ म्हणतो. हा दर केंद्र सरकार ठरवते, २०१८-१९ च्या हंगामात तो १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होता, पण ते पैसे सरकारी तिजोरीतून जात नाहीत. कारखाना ते देतो आणि ऊस गाळपाला आल्यापासून चौदा दिवसांत त्याने ते द्यावेत असा नियम आहे. सरकार स्वतः काहीच खर्च करत नसेल तर हा सरकारी आधार कसा, असा भारताचा युक्तिवाद होता. दर सरकारने ठरवला एवढेच पुरेसे आहे, तो कोणी चुकता केला याला महत्त्व नाही, असे पॅनेलने म्हटले.

हे समजण्यासाठी कृषी करारातील गणित जवळून पाहावे लागते. सरकारने ठरवलेल्या दरातून एक स्थिर संदर्भ किंमत वजा करायची आणि येणाऱ्या फरकाला त्या दराचा लाभ मिळू शकणाऱ्या सगळ्या उत्पादनाने गुणायचे, अशी ती रीत. आणि ही संदर्भ किंमत १९८६ ते १९८८ या काळातील आंतरराष्ट्रीय सरासरीवर गोठवलेली आहे. समजा, गोठवलेली किंमत क्विंटलला १०० रुपये, आजचा सरकारी दर २५० आणि उत्पादन दहा क्विंटल आहे; तर कागदावर १,५०० रुपयांचा आधार दिला गेला असे ठरते. बाजारातही तोच भाव मिळत असेल, म्हणजे उत्पादनाचे मूल्य २,५०० रुपये असेल, तर १० टक्क्यांची मर्यादा २५० रुपयांचीच येते. शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा एक रुपयाही जास्त मिळालेला नसताना देश मात्र मर्यादेच्या सहापट आधार देणारा ठरतो, कारण मधल्या चार दशकांची महागाई या हिशेबात धरलीच जात नाही. भाताच्या बाबतीत भारताला हाच अनुभव आला. २०१८-१९ मध्ये सुमारे ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर सुमारे ५ अब्ज डॉलरचा आधार भरला आणि २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या ‘शांतता कलमा’चा, म्हणजे सार्वजनिक धान्यसाठ्यासाठी मर्यादा ओलांडली तरी त्यावरून दावा दाखल न होण्याच्या तरतुदीचा, आधार घ्यावा लागला. कृषी करारातला सर्वांत अन्यायकारक भाग कोणता असे विचारले तर या गोठवलेल्या किमतीकडे बोट दाखवावे लागेल, आणि ती बदलण्याची भारताची मागणी न्याय्य आहे.

साखरेच्या अहवालाविरुद्ध भारताने अपील दाखल केले आणि ते आजवर सुनावणीविना पडून आहे. यामुळे ऊसउत्पादकाची तूर्त सुटका झाली, हे खरे आहे. परंतु एफआरपीला अनुदान म्हणावे की नाही हा प्रश्न भारताच्या बाजूने सुटलेला नाही, आणि पॅनेलच्या निष्कर्षांतील चुका दाखवून देण्याची हक्काची जागाही भारताला उरलेली नाही. त्याच रिकाम्या पीठाचा दुसरा परिणाम २०२५ मध्ये दिसला. अमेरिकेने २ एप्रिल रोजी देशागणिक वेगवेगळे शुल्क जाहीर केले आणि २७ ऑगस्टपासून भारतातून जाणाऱ्या अनेक वस्तूंवरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांवर नेले. देशागणिक शुल्क म्हणजे सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या तत्त्वाला सरळ छेद होता. पण मुंबईच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रातील दागिन्यांपासून कोळंबीपर्यंत ज्यांचा माल अडला, त्यांच्यासाठी जिनिव्हात दाद मागून बंधनकारक निकाल पदरात पडण्याची शक्यता नव्हती. ते दर पुढे खाली-वर होत राहिले, पण जिनिव्हातील निकालामुळे नव्हे. साखरेच्या एका प्रकरणात मिळालेली सवड आणि सर्व निर्यातीवर लटकणारी ही अनिश्चितता तराजूत घातली, तर भारताच्या नुकसानाचे पारडे निश्चितच जड आहे.

यातून वाट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. युरोपीय संघ, चीन, ब्राझील, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी सदस्यांनी २०२० मध्ये आपापसांत एक तात्पुरती लवाद व्यवस्था उभी केली, जिच्यात अपिले अपील मंडळाऐवजी निवडलेल्या लवादांपुढे जातात; जपान त्यात २०२३ मध्ये आला. ग्वाटेमालाचे मार्को मोलिना यांच्या पुढाकाराने चाललेल्या चर्चेतून २०२४ च्या आरंभी सविस्तर मसुदा तयार झाला, मात्र त्यातही अपिलाचा मुद्दा उघडाच राहिला. त्या चर्चेच्या अनौपचारिक पद्धतीवर भारताचा आक्षेप होता, आणि लहान शिष्टमंडळांना अशा सततच्या बैठका झेपत नाहीत हे पाहता तो अनाठायी नव्हता. जून २०२२ च्या मंत्रिपरिषदेने मात्र २०२४ पर्यंत तंटा निवारण यंत्रणा सर्वांना खुली आणि पूर्णपणे कार्यरत असावी या उद्देशाने चर्चा करण्याचे वचन दिले होते. ते वर्ष तसेच सरले.

सर्वसहमतीचा नियमच काढून टाकावा, बहुमताने निर्णय घ्यावेत, असेही सुचवले जाते. गुंतवणूक सुलभीकरणाच्या, १२० हून अधिक सदस्यांचा पाठिंबा असलेल्या करारालाही भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी अबुधाबीच्या २०२४ च्या परिषदेत अडवले, त्यामुळे अमेरिका नेमणुका अडवते आणि भारत करार अडवतो, दोघांत फरक काय, असा प्रश्न विचारला जातो. फरक आहे आणि तो मूलभूत आहे. नवे बंधन स्वतःवर घेण्यास नकार देणे हा प्रत्येक सार्वभौम देशाचा हक्क आहे, आणि गरीब देशांच्या हाती सर्वसहमतीशिवाय दुसरी ढाल नाही. याउलट, अपील मंडळावरील जागा रिकाम्या होतील तशा भरल्या जातील असे तंटा निवारणाच्या करारात स्पष्ट लिहिलेले आहे; त्या नेमणुका रोखणे म्हणजे सर्वांनी आधीच सही करून स्वीकारलेले बंधन एकट्याने मोडणे होय. म्हणून नव्या नियमांसाठी सर्वसहमती राखावी आणि मान्य झालेल्या संस्था चालू ठेवण्याच्या कामातून ती वगळावी, अशी मागणी भारताने लावून धरणे सयुक्तिक ठरेल.

तोवर तात्पुरत्या लवादाकडे भारताने पाठ फिरवावी का, याचाही फेरविचार आवश्यक आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे साखरेच्या प्रकरणातील तिन्ही वादी त्या व्यवस्थेचे सदस्य आहेत. भारत तिच्यात गेला तर एफआरपीचा प्रश्न, तिन्ही वादींच्या संमतीने का होईना, खऱ्याखुऱ्या अपिलात मांडता येईल, तिथे हरण्याचा धोका पत्करावा लागेल, आणि चौदा दिवसांत उसाचे बिल देणारा कारखाना व ते घेणारा शेतकरी यांच्यातील व्यवहाराला सरकारी अनुदान म्हणता येत नाही, हे पुराव्यानिशी पटवून द्यावे लागेल.