हाताखाली कोण घेणार?

रँकिन इनलेटमध्ये जानेवारीत घरातली तेलाची भट्टी बंद पडली, तर हाताशी फार थोडा वेळ असतो. बाहेर उणे 35 अंश. काही तासांत नळातलं पाणी गोठतं, मग नळ फुटतात. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावाला बाहेरून एकही रस्ता येत नाही. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या सगळ्याच 25 वस्त्यांची ही स्थिती आहे. दुरुस्ती करणारा गावात नसेल, तर तो विमानाने यायचा, तेही वादळाने वाट दिली तर.

2010 मध्ये याच गावात नुनावुत आर्क्टिक कॉलेजचं ‘सनातुलिक्सार्विक’ हे व्यवसाय प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. घरांची देखभाल, प्लंबिंग, वीजकाम, तेलभट्ट्यांची दुरुस्ती असे तिथले विषय. जमीन कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळून खचू नये म्हणून घरं खांबांवर उचललेली. झाड नाही. फळीपासून खिळ्यापर्यंत सगळं सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येतं. यादीत एखादा जोड राहून गेला, तर पुढच्या वर्षीच्या जहाजाची वाट पाहायची, नाहीतर विमानाचं भाडं सोसायचं. हे ज्याने तिथले हिवाळे काढले आहेत, त्याच्याकडूनच शिकावं लागतं.

अडतं ते इथेच. कॅनडात सुतार, प्लंबर किंवा वायरमन वर्गात बसून तयार होत नाही. वर्षातले काही आठवडे वर्ग. बाकी सगळा काळ प्रमाणपत्र असलेल्या कारागिराच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, आणि त्या तासांची रीतसर नोंद. अशी काही वर्षं गेल्यावर देशभर मान्य असलेली ‘रेड सील’ परीक्षा, तीत किमान 70 टक्के गुण. आता केंद्रात शिकलेला मुलगा हजारभर वस्तीच्या आपल्या गावी परतला आणि तिथे असा कारागीरच नसला, तर काम येत असूनही त्याचे तास भरत नाहीत. तो गाव सोडतो, नाहीतर परीक्षा. नुनावुतची लोकसंख्या कॅनडात सर्वांत तरुण आहे, कामाचे तर डोंगर आहेत. वानवा आहे ती हाताखाली घेणाऱ्यांची.

ही वानवा आभाळातून पडलेली नाही. रँकिन इनलेट गावच निकेलच्या खाणीभोवती वसलं. 1957 ते 1962 या पाच वर्षांत शिकारीवर जगणारी इनुइट माणसं, म्हणजे इथले मूळ रहिवासी, जमिनीखाली उतरली आणि यंत्रं चालवायला शिकली. साठा संपला, खाण बंद झाली, काही कुटुंबांना दूरच्या खाणींवर हलवलं गेलं. त्यांचं शिकणं पुढच्या पिढीच्या हाती देण्याची सोय कुणी केली नाही. मग 1964 ते 1973 या काळात पूर्व आर्क्टिकमधली शेकडो मुलं मॅनिटोबातल्या चर्चिलच्या व्यावसायिक शाळेत धाडली गेली. जुन्या लष्करी इमारतींतली ती निवासी शाळा. तिथून पुढे नेते झालेले लोक निघाले हे खरं, पण ज्या वयात मुलगा बापासोबत बर्फावर जातो, नेमकं ते वय घरापासून तोडलं गेलं. हुनर शिकवण्यासाठी मुलाला शिकवणाऱ्यांपासूनच दूर नेण्याची ही रीत मला क्रूर वाटते, आणि ती वाया गेलेलीही.

त्याच गावात एक वेगळी गोष्टही घडली, आणि मला तिच्यापाशी थांबावंसं वाटतं. खाण बंद पडल्यावर 1963 मध्ये सरकारने क्लॉद ग्रेनिए या कलाकारामार्फत मातीकाम सुरू केलं. सत्तरच्या दशकात सरकारने हात काढून घेतला. 1987 मध्ये चित्रकार जिम शर्ली यांनी ‘मॅचबॉक्स गॅलरी’ उघडून ते काम पुन्हा उभं केलं. जुन्या हातांना परत बोलावलं, त्यांच्या शेजारी नवे बसवले. मातीकाम करणाऱ्या लॉरां अक्साजुआक यांचा मुलगा रॉजर वडिलांकडेच शिकला आणि नावाजला गेला. शर्ली पाहुणे म्हणून आले नव्हते. ते गावातच राहिले. सरकारी प्रकल्पाला जे जमलं नाही, ते एका छोट्या खोलीला जमलं, ते या राहण्यामुळे.

लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या नेन गावात तरुणांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या लोकांनी 2012 मध्ये अशीच वाट धरली. मुलांना अनुभवी शिकाऱ्यांच्या सोबतीला दिलं. शिकार, मासेमारी, सरपण. मिळालेलं मांस गावाच्या सामायिक शीतपेटीत, आणि तिथून मुलांच्याच हातून म्हाताऱ्यांच्या दारात. इनुइट लोकांची बर्फावरची घसरगाडी, कामुतिक, हे अशा शिकवणुकीचं उत्तम उदाहरण. तिच्या आडव्या पट्ट्या धावपट्ट्यांना खिळ्यांनी ठोकत नाहीत, दोरीने आवळतात. ठोकली तर खडबडीत बर्फावर ती तडकेल, आवळलेली असली तर लवते. किती आवळायचं हे सांगता येत नाही. थोरला बांधत असतो, पोरगा बघत असतो, मग एक दिवस दोरी त्याच्या हातात येते. प्रश्न कमी, पाहणं जास्त. अशा मुलाला दक्षिण कॅनडातला शिक्षक ‘गप्प’ म्हणून गुण कापतो, तेव्हा चूक शिक्षकाची असते. म्हणून प्रशिक्षण केंद्राच्या कार्यशाळेत प्रमाणपत्रधारक मिस्त्रीसोबत गावातला एखादा जाणता म्हाताराही पगारावर हवा. वसंतात हंस परतले की अर्धं गाव बाहेर पडतं, तेव्हा हजेरीपटावर काट मारायची की वेळापत्रक सरकवायचं, हे त्यालाच नेमकं कळतं.

2022 मध्ये नुनावुत सरकारने 2030 पर्यंत 3,000 घरं बांधण्याची योजना जाहीर केली. तिथले निम्म्याहून अधिक इनुइट लोक दाटीवाटीच्या घरांत राहतात, तेव्हा ती घरं हवीतच. पण प्रत्येक कंत्राटात आणखी एक अट असावी: त्या त्या गावातली किती मुलं, कोणत्या कारागिराच्या हाताखाली, किती तास, आणि त्या कारागिराला शिकवण्याचे वेगळे पैसे.