उजनीचा गाळ, शहरांचं पाणी

पाण्याच्या प्रदूषणावर कायदा करण्यात महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. राज्याचा कायदा १९६९चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७०चं. केंद्राचा जल कायदा १९७४चा. भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं १९८० मध्ये. म्हणजे करमाळ्याच्या वेशीवर जलाशय आला, तेव्हा पहारेकरी आधीच नेमलेला होता. तरी पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत उतरत राहिलं आणि भीमा ते उजनीत आणत राहिली.

साठलेल्या पाण्यातली घाण तळाशी बसते. जलपर्णी दिसते, म्हणून तिच्यावर ओरड होते. गाळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाळ तर आपल्याला हवाच असतो. पाणी ओसरलं की केत्तूर, कुगाव, वांगीकडे गाळपेर उघडी पडते. मुरमाड रानात गाळाच्या ट्रॉल्या रित्या झाल्या की तिथे ओल टिकते, पीक उभं राहतं. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाच आहे, आणि ती चांगली आहे. पण दोन महानगरांखालच्या धरणाचा गाळ म्हणजे पाझर तलावाचा गाळ नव्हे. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणारे शिसं, क्रोमियम, कॅडमियम कुजत नाहीत, मातीच्या बारीक कणांना धरून राहतात. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात. त्यांत या तिघांपैकी एकही नाही.

जमिनीसाठी स्वतंत्र नियम यायला फार वर्षं गेली. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर टाकला. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा हलायला मात्र २०२५ उजाडलं. त्याच वर्षी जुलैत दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम निघाले. तोवर देशात अशी १०३ ठिकाणं नोंदली गेली होती. सफाई सुरू झाली होती ती सात ठिकाणी.

या नियमांत करमाळ्याच्या कामाची एक तरतूद आहे. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची. लोकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत येऊ शकते. मग राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. अडचण अशी, की नियमांची सारी भिस्त जबाबदार कोण हे ठरवण्यावर आहे, आणि उजनीच्या गाळाला एक धनी नाही. तरीही काठच्या ग्रामसभांनी ठराव करून गाळाचे नमुने तपासायला लावावेत, आणि अहवाल येईपर्यंत तो गाळ निदान भाजीपाल्याच्या रानात टाकू नये. कंदरची केळी परदेशी निघाली की औषधांचे अंश तपासले जातात. धरणातली पहिली ट्रॉली भरण्याआधी गाळाचीही तशीच तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च शेतकऱ्याने नव्हे, वरच्या शहरांनी उचलावा.